फाटकावरच्या फळ्याचा गुरुवार

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्याचे नशीब चांगले. त्याच्यावर दोन अधिक दोन चार लिहिले की ते चारच राहतात, दुपारी कुणी येऊन तिथे 'सुधारित उत्तर पाच' असे लिहीत नाही. मी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर टांगलेला फळा होतो. आठवडाभर राष्ट्राध्यक्ष कुठे जाणार, कुणाला भेटणार, कशाची फीत कापणार, हे सगळे माझ्यावर लिहिले जाई आणि मग पुसले जाई. मित्रांनो, माझी गोष्ट खरे तर एवढीच आहे, पण एवढ्यावर थांबलो तर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

माझा जन्म सरकारी सुतारखात्यात झाला. तिथल्या मोठ्या मिस्त्रींनी रुंद फळ्या निवडून, एकमेकींत बसवून मला जोडले आणि हात फिरवला तर कुठे सांधा लागू नये इतका रंधा मारला. मग काळ्या रंगाचे हातावर हात चढले. शेवटी पेंटरमामा आले. तेव्हा ते तरुण होते, पण समोरच्याला 'काय भाचे' म्हणून हाक मारायची सवय असल्यामुळे सगळ्या कार्यालयाचे मामा झाले होते. त्यांनी माझ्या माथ्यावर पांढऱ्या तैलरंगात 'राष्ट्राध्यक्षांचे साप्ताहिक कार्यक्रम' असे लिहिले, डाव्या बाजूला सोमवारपासून रविवारपर्यंत वार लिहिले आणि तळाशी 'घोषणा'.

"बाकीचं नाही रंगवायचं?" मिस्त्रींनी विचारले.

"बाकीचं खडूनं. वार कायमचे, कार्यक्रम तात्पुरते," मामा म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

सुरुवातीची वर्षे झकास गेली. दर सोमवारी सकाळी मामा खडू पाण्यात बुडवून लिहायला उभे राहत. ओल्या खडूचे अक्षर आधी दिसतच नाही, वाळता वाळता हळूहळू पांढरे होत जाते. ते बघायला रस्त्याने जाणारी माणसेसुद्धा थांबत. वार्ताहर येत आणि माझ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेत. फळ्यावर आले म्हणजे जाहीर झाले, असा तिथला रिवाजच होता. राष्ट्राध्यक्ष परदेशी राजदूतांना भेटणार असतील तर ते आधी मला कळे, मग देशाला. तेव्हा मी किती ताठ मानेने लटकत असेन, तुम्हीच विचार करा.

माझ्यावरच्या पत्र्याच्या छपराला एक भोक होते. त्या भोकाने एकदा फार मोठा घोटाळा केला. बुधवारी 'माजी राष्ट्राध्यक्षांचा स्मृतिदिन, पुष्पहार अर्पण' असा कार्यक्रम होता. सकाळी पावसाची सर आली आणि पाण्याचा थेंब नेमका 'माजी'वर पडत राहिला. सर थांबली तेव्हा 'माजी' वाहून गेले होते. दुपारपर्यंत फाटकावर हारतुऱ्यांचा ढीग लागला. राष्ट्राध्यक्षांच्या बहिणीने रडत रडत घरी फोन लावला आणि तो खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच उचलला. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. नियम झाला की फळ्याला हात लावायचा तो फक्त पेंटरमामांनी, आणि तोही कार्यक्रम अधिकाऱ्यांची चिठ्ठी आल्यावरच.

हे कार्यक्रम अधिकारी म्हणजे आमचे साहेब. इस्त्रीचे कपडे, खिशात दोन पेने, चेहऱ्यावर कायम आत्ताच कुणीतरी थांबवल्यासारखा भाव. त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा. रस्ता कधी दुरुस्त होणार? यथावकाश. शिपायाची रजा मंजूर झाली का? यथावकाश होईल. छपराचे भोक कधी बुजणार? यथावकाश. फाटकावरचे हवालदार त्यांना पाठीमागे 'यथावकाश साहेब' म्हणत. मला हा शब्द पहिल्यापासून आवडत नसे. माझ्या डाव्या बाजूला सात वार आहेत, त्यांत हा कुठेच बसत नाही.

आता पुलाचे सांगतो. आमच्या शहराच्या मधून नदी जाते. अलीकडे कार्यालये, बाजार, मोठा दवाखाना, आणि पलीकडे साध्या माणसांची वस्ती. पेंटरमामांचे घर पलीकडे होते. ते रोज होडीने ये-जा करीत. मामींच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आणि त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला दवाखान्यात यावे लागू लागले, तेव्हा त्याही मामांबरोबर होडीतून येऊ लागल्या. परत जाताना त्या माझ्याखालच्या बाकावर टेकत, मामांची सुट्टी होईपर्यंत. त्यांच्या सोबतीला त्याच वस्तीतल्या, त्याच आजाराच्या एक मास्तरीणबाई असत. निवृत्त झाल्या होत्या, पण माझ्याकडे बघताना नजर शिक्षिकेचीच. मामांच्या वेलांट्या त्या दर खेपेला तपासत.

डायलिसिस करून आलेले माणूस बघितले आहे का तुम्ही? पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखे होते. त्यानंतर होडीत चढायचे, पाण्यावर हेलकावे खायचे, पलीकडे चिखलात उतरायचे. आणि नदीला पाणी चढले की होडी बंद. मग लांबच्या रस्त्याने बस पकडून सगळ्या नदीला वळसा घालून जायचे.

म्हणून पूल बांधायला घेतला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद या दोन बायकांना झाला. आणि पूल झालासुद्धा! दिवे लागले, कठड्यांना रंग लागला. दोन्ही टोकांना लाल फीत बांधली, फितीपाशी पहारेकरी बसवले. आता फक्त राष्ट्राध्यक्षांनी येऊन ती कापायची होती. तोवर पुलावर पाऊल टाकायला माणसांना बंदी. कुत्री मात्र फितीखालून खुशाल इकडून तिकडे जात.

एका सोमवारी मामांनी माझ्या गुरुवारासमोर लिहिले, 'नदीवरील पुलाचे उद्घाटन'. अक्षर वाळून पांढरे होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मास्तरीणबाईंनी वाचले आणि मामींच्या हातावर टाळी दिली.

बुधवारी चिठ्ठी आली. 'गुरुवारचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. पुसावे.' मामांनी पुसले. पुढच्या सोमवारी पुन्हा लिहिले, बुधवारी पुन्हा पुसले. मग हे चालूच राहिले. लिहा, पुसा, लिहा, पुसा. माझ्या अंगावरचा काळा रंग त्या एका ओळीत पार फिका पडला. त्याच काळात मांजरांच्या प्रदर्शनाला राष्ट्राध्यक्षांची उपस्थिती होती, ती ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी झाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण फळ्याला तोंड कुठे असते?

घोडे कुठे अडले होते माहीत आहे? कोनशिलेवर. पुलाच्या तोंडाशी जी संगमरवरी शिळा बसवायची होती, तिच्यावर कुणाचे नाव आधी आणि कुणाचे नंतर, हे ठरत नव्हते. एका मंत्र्यांचे नाव वर घेतले की दुसरे रुसत. अक्षरांचा आकार सारखा ठेवला की दोघेही रुसत. साहेब फायली घेऊन या दारातून त्या दारात फिरत होते आणि पुलाचे भिजत घोंगडे पडले होते.

एके दिवशी होडी मधोमध जोरात कलली. मास्तरीणबाई पाण्यात पडल्या नाहीत, पण भिजल्या आणि फार घाबरल्या. त्या दिवशी बाकावर बसून त्या मामींना म्हणाल्या, "आज घरी पोचले की मी पुन्हा होडीत पाय ठेवणार नाही बाई. गुरुवारी पूल होतोय, फळ्यावर लिहिलंय की. डायलिसिसची एक पाळी चुकली तर काही मरत नाही मी. पुलावरूनच येईन."

"अहो बाई, ते बुधवारी पुसतात," मामी म्हणाल्या.

"या खेपेला नाही पुसणार. कितीदा पुसतील?"

मित्रांनो, त्या माझ्यावर विसंबून घरी बसल्या. ती खेप पुसली, त्यानंतरचीही पुसली. त्यांची एक पाळी चुकली, मग दुसरी, मग तिसरी. लेक बाहेरगावी, शेजारी होडीत बसवायला तयार होते, पण त्या ऐकेनात. नंतर एका सकाळी मामा उशिरा आले, डोळे लाल, चपला चिखलाने भरलेल्या. मास्तरीणबाईंना पोचवून ते स्मशानातून थेट कामावर आले होते. त्यांच्या हातात साहेबांची चिठ्ठी पडली. त्यांनी माझ्या तळाशी लिहिले, 'घोषणा : मांजरांच्या प्रदर्शनातील विजेत्यांचे राष्ट्राध्यक्षांकडून हार्दिक अभिनंदन.' मामांच्या हातून त्या दिवशी खडू दोनदा मोडला. मला लाज वाटली नाही, कारण खोटे मी बोललो नव्हतो. पण ज्यांनी माझ्या तोंडून ते बोलवून घेतले त्यांचा मला असा संताप आला की आजही तो शमलेला नाही.

पावसाळा जवळ आला. नावाड्याने सांगून टाकले की वरच्या गावांत पाऊस लागलाय, आता थोडेच दिवस होडी सोडीन. मामींना बसचा वळसा झेपण्यातला नव्हता. परत जाताना त्यांना ताठ बसवत नसे. शहरात राहायला जागा नाही, कुणी नात्याचे नाही. मामांनी धीर करून साहेबांना फाटकातच गाठले.

"साहेब, पाणी चढायच्या आत पूल सुरू झाला तर बरं होईल. उद्घाटन नंतर करा. नुसती फीत बाजूला करा. आमच्या घरच्यांना दवाखान्यात आणावं लागतं."

"पेंटर, उद्घाटनाआधी वापर झाला तर मग उद्घाटन कशाचं करायचं?" साहेबांना खरोखरच आश्चर्य वाटले होते. "क्रम ठरत आलाय. होईल यथावकाश."

मामी बाकावर बसून ऐकत होत्या. साहेब गेल्यावर त्या म्हणाल्या, "या यथावकाशाला एकदा आपल्या घरी जेवायला बोलवा हो. बघू तरी दिसतो कसा. येईल तो होडीतनंच."

हवालदार हसले. मामा हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात कुणी मोठे परदेशी पाहुणे येणार होते, म्हणून माझे वार पुन्हा रंगवून ताजे करायचा हुकूम निघाला. सोमवारी सकाळी मामा तैलरंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. सोमवार उजळला, मंगळवार उजळला, बुधवार उजळला. गुरुवार उजळला आणि ब्रश थांबलाच नाही. तो तसाच पुढे सरकला. 'नदीवरील पुलाचे उद्घाटन.' तैलरंगात. प्रत्येक वेलांटी नीट, ठसठशीत, मास्तरीणबाईंनी एकही चूक काढली नसती अशी. मग मामांनी ब्रश खाली ठेवला, खडू उचलला आणि बाकीच्या वारांचे कार्यक्रम मुकाट्याने लिहिले. नंतर सगळ्यांना त्यांनी सांगितले की चुकून झाले. असेलही. मी एवढेच सांगतो की हात जराही अडखळला नव्हता.

वार्ताहर आले, उतरवून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले. कुणालाच त्याचे काही वाटले नाही, ती ओळ छापायची सगळ्यांना सवयच झाली होती.

बुधवारी चिठ्ठी आली. 'पुसावे.'

मामांनी ओले फडके घेऊन पुसले. ओळ धुतल्यासारखी लख्ख झाली, पण गेली नाही. हवालदारांनी पुसून बघितले. मग आतून निरोप जाऊन साहेब स्वतः आले. नियम मोडून त्यांनी आपल्या हातरुमालाने मला घासले, नखाने खरवडले. 'उद्घाटना'तला एक ठिपकाही निघेना. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"पेंटर, हे काय आहे?"

"चुकून तैलरंग लागला साहेब. डबा हाताशी होता."

"मग टर्पेंटाइन आणा!"

"टर्पेंटाइननं गुरुवारपण जाईल साहेब. पाहुणे विचारतील, या देशात बुधवारनंतर शुक्रवार येतो का."

"मग काळा रंग फासा त्याच्यावर!"

"काळा संपलाय." मामांनी मान खाली घातली. "मागणी केली आहे साहेब. येईल यथावकाश."

हवालदारांना खोकल्याची उबळ आली. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला आणि ते ओरडले, "काढा हा फळा! आत्ताच्या आत्ता खाली काढा!"

तेवढ्यात फाटक उघडले आणि राष्ट्राध्यक्षांची गाडी बाहेर आली. हवालदारांनी सलाम ठोकला. साहेब माझ्यापुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले, पण माणूस पसरून पसरून किती पसरणार? काच खाली झाली. चष्मा वर करून राष्ट्राध्यक्षांनी मला वाचले.

"अरे, गुरुवारी म्हणजे उद्याच पूल आहे होय? मला कुणी बोललंच नाही. झाला वाटतं एकदाचा बांधून?"

साहेबांचे ओठ हलले. पूल कधीचाच बांधून झाला आहे, असे सांगावे तर इतके दिवस का नाही सांगितले हे सांगावे लागले असते. उद्या नाही असे सांगावे तर फळा खोटा ठरला असता.

"हो महोदय," ते म्हणाले. "झाला."

"छान," राष्ट्राध्यक्ष म्हणाले आणि काच वर गेली.

गुरुवारी काय घडले ते मला हवालदारांकडून कळले, ते बंदोबस्ताला गेले होते. कोनशिला तयार नव्हतीच. भिंतीवर नुसता मखमली पडदा लावला होता. राष्ट्राध्यक्षांनी दोरी ओढली, पडदा सरकला, मागे कोरी भिंत निघाली, आणि सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. दोन्ही मंत्री खूश होते, कारण कुणाचेच नाव वर नव्हते. मग फीत कापली. हवालदार म्हणाले, पानाला चुना लावायला मला याहून जास्त वेळ लागतो.

शुक्रवारी मामींची डायलिसिसची पाळी होती. त्या रिक्षाने पुलावरून आल्या. मामांना डबा द्यायचा म्हणून रिक्षा फाटकाशी थांबवली. डबा अजून गरम होता. हवालदार पुढे झाले. "काय मामी, झालं ना मनासारखं? आता तरी हसा."

मामी रिक्षातून उतरल्या, बाकावर बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटले, आता त्या खूश होतील. दोन शब्द माझ्याही कौतुकाचे बोलतील, अशी आशा मी केली होती हे कबूल करतो.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "घरातनं निघाले आणि आलेसुद्धा. एवढंच होतं हे? एक चिंधी कापायची होती?" त्यांनी बाकावर, शेजारच्या मोकळ्या जागेवर, हात आपटला. "मग त्या बाईला का मारलीत?"

मामा गरम डबा हातात धरून उभे होते. साहेब खिडकीत आले होते, ते ऐकून आत गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. चौकशी झाली. 'चुकून' हे कारण कुणाला पटले नाही, पण खोडताही आले नाही. पेंटरमामांची बदली झाली. सरकारी खुर्च्यांच्या पाठीवर क्रमांक टाकण्याचे काम त्यांना मिळाले. काळा रंग आला, माझ्यावर फासला, पण उन्हात तिरके बघितले की खालची अक्षरे उठून दिसत. दर गुरुवारी पुन्हा पुलाचे उद्घाटन आहे की काय, असे लोक विचारू लागले. शेवटी मला उतरवून भांडारात टाकले. इथे पाय मोडलेल्या खुर्च्या, जुने पडदे आणि धूळ यांच्या संगतीत मी भिंतीला तोंड करून उभा आहे. माझ्या जागी फाटकावर लाल अक्षरे पळणारी विजेची पाटी आली. तिच्यावरचे पुसावे लागत नाही. आत बसून कुणी बटण दाबले की कार्यक्रम नाहीसा होतो, फडक्याला पाणीसुद्धा लागत नाही.

परवा हवालदार खुर्ची न्यायला आले होते. बरोबर पेंटरमामा होते, खुर्चीवर क्रमांक टाकायला. दवाखान्यात डायलिसिसचा नवा विभाग बांधून तयार आहे, असे मामा सांगत होते. यंत्रे आली आहेत, प्लास्टिकच्या वेष्टणात गुंडाळून ठेवली आहेत, दाराला फीत आहे. जुन्या विभागात यंत्रे थोडी आणि माणसे फार, म्हणून मामींना नंबर लागेपर्यंत व्हरांड्यात जमिनीवर बसावे लागते. "पाटीवर येतं आणि जातं," मामा म्हणाले. "वाचून होईपर्यंत बदलतं."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते की माझी निगा राखा, मला ऊन-पावसापासून जपा. मला काही नको. वाळवी लागली तरी चालेल. तुमच्या घरातून कुणी ना कुणी त्या फाटकावरून जात असेल. तुम्ही स्वतः जा, नाहीतर आईला, मामाला, आजोबांना पाठवा. फाटकाशी उभे राहा आणि साहेबांना विचारा की तो विभाग कधी उघडणार. ते यथावकाश म्हणतील. हलू नका. मामी व्हरांड्यात बसल्या आहेत. पुन्हा विचारा, कोणत्या वारी?